अकरा जणी आणि आटलेला समुद्र

अलिबागला जाऊन काय करावं, असं मला कोणी विचारलं तर मी एका दमात सांगते. संध्याकाळी वाळूवर अनवाणी चाला. एकदा घोडागाडीत बसा. बाजारातून पांढऱ्या कांद्याची वेणी घ्या. सकाळी समुद्रातल्या किल्ल्यात जा आणि तिथल्या विहिरीचं पाणी प्या. आणि किल्ल्याकडे पाऊल टाकण्याआधी पाणी केव्हा चढतं ते तिथल्या माणसाला विचारा. हे शेवटचं आम्ही केलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

महाराष्ट्र होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. अमडापुरात आमचं महिला मंडळ नवंच निघालं होतं आणि कोणी पुढे होईना म्हणून मी पुढे झाले होते. उद्घाटनाला तालुक्याहून एक साहेब आले. भाषणात ते म्हणाले की आपल्या नव्या राज्याला एका बाजूनं अख्खा समुद्र लाभला आहे. मागच्या रांगेतून बीबीवाली ओरडली, "मग आमच्या वाट्याला किती आला ओ सायब?"

साहेबसुद्धा हसले. पण मला तो प्रश्न पटला. समुद्र आपला झाला असेल तर जाऊन पाहायला काय हरकत आहे?

आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात. लोणारजवळच्या बीबीहून आलेली ती बीबीवाली. पन्नाशीची, तोंडानं फटकळ, तीस वर्षं अमडापुरात राहूनही बोलणं तिकडचंच. मी खामगाववाली. भाजीपाल्याचं घर आमचं, कांदा, वांगी, मिरची. पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे मला कळतं, असा माझा तेव्हा समज होता.

सहलीला अकरा जणी तयार झाल्या. मंडळाची सहल, फक्त बायांची, म्हटल्यावर गावात कुजबुज सुरू झाली. शेवटी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक बसली. माझे सासरे, त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो, तिथं मधोमध बसायचे. सरपंच दुसरेच कोणी होते, पण शब्द मामाजींचाच चालायचा.

"एक गडी तरी सोबत धाडा," कोणीतरी म्हणालं.

"गडी धाडला तं त्याचं जेवण, त्याचं अंथरूण, त्याचा चहा आम्हीच पाहा लागन," मी पदर सावरून म्हटलं. "आम्ही सहलीले चाललो का त्याले सांभाळाले?"

मामाजींनी थोडा वेळ पानाला चुना लावला. मग म्हणाले, "आयका. सोमवारच्या संध्याकाळच्या एसटीनं अकरा जणी उतरल्या, तं दरसाल जा. कोणी आडवा येणार नाही. एक कमी उतरली, नाहीतं एक दिवस उशीर झाला, तं हे पहिलं अन् शेवटचं."

मी हो म्हटलं. तेव्हा मला ही अट सोपी वाटली.

अकराव्या जागेसाठी मात्र मला एका घरी दोनदा जावं लागलं. ती वडनेरवाली, वडनेर भोलजीची मुलगी, लग्नाला दीड वर्ष झालेलं. तिला जायची इतकी इच्छा की माझ्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवतानाही तिचे डोळे माझ्या तोंडावर. घरात तिची सासू, तिचा नवरा आणि ती. नवरा हंगामाला जिनिंगमध्ये खामगावला. मळा या दोघींवर. सासू मला म्हणाली, "चार दिवस मी एकली काय काय पाहू? तुह्या भरवशावर धाडतो मी तिले. तुह्या शब्दावर. ध्यानात ठेवजो."

"सोमवारी संध्याकाळी तुमच्या दारात आणून सोडतो," मी म्हटलं. आमच्याकडे बायाही 'धाडतो, सोडतो' असंच बोलतात.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. हरभरा निघाला होता, गहू अजून उभा होता. आमच्याकडे बायांना चार दिवस मिळायचे तर त्याच मधल्या फटीत मिळतात. खामगाव, जलंब, तिथून मुंबईची गाडी, मग भाऊच्या धक्क्यावरून लाँच आणि रेवसहून एसटी. लाँचमध्ये चौघींना ओकाऱ्या झाल्या. बीबीवालीनं लिंबाच्या लोणच्याची बरणी फिरवली आणि बाकीच्यांना सांगितलं, "पाण्याकडं पाहू नका. माझ्या तोंडाकडं पाहा. याच्याहून वंगाळ काही दिसणार नाही."

शनिवारी तिसऱ्या प्रहरी अलिबागला पोचलो. देवळाजवळच्या धर्मशाळेत वळकट्या टाकल्या आणि हातपाय न धुता समुद्राकडे निघालो.

पहिल्यांदा समुद्र पाहिल्यावर माणसं काय काय बोलतात, ते मी पुढं पुष्कळ ऐकलं. आमच्यात पहिलं वाक्य वडनेरवालीचं होतं. ती सरळ घोट्याभर पाण्यात गेली, ओंजळ भरली, चाखली आणि वळून म्हणाली, "आमच्या वडनेरच्या विहिरीचंच पाणी हाय. थोडं जास्त खारं."

खरंच आहे ते. पूर्णेच्या त्या पट्ट्यात कितीतरी विहिरी खाऱ्या आहेत. तिथं पोरी गोड्या पाण्यासाठी कोस-कोस जातात. तिला समुद्राचं मोठेपण पटायला थोडा वेळ लागला.

आम्ही ओटी आणली होती. नदीला भरतो तशीच समुद्राला भरायची, म्हणून खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ, सगळं चिखलीच्या बाजारातून. किनाऱ्यावर डोक्यावर झाडांना नारळ लटकलेले आणि आम्ही रुमालात बांधून आणलेला नारळ काढतोय, हे पाहून घोडागाडीवाला म्हणाला, "काकी, हा इथूनच तिकडं गेला असेल. त्याला परत घरी आणलात, पुण्य लागेल."

त्यात दुसरी अडचण निघाली. नदीची ओटी भरताना आम्ही धारेकडे, पाणी येतं तिकडे तोंड करून उभ्या राहतो. इथं धार कोणती? एक म्हणे उजवीकडे, एक म्हणे डावीकडे. मी निकाल दिला, "लाट समोरून येऊन राह्यली नं? मंग समोर तोंड करा अन् उरका." उरकलं.

मग घोडागाडीत दोन खेपा करून अकराही जणी फिरल्या. वाळूवर पळालो. आमच्यातल्या सर्वांत जाड बाईनं नेसूचा काष्टा मारून पळताना ज्या आरोळ्या मारल्या, त्या मी अमडापुरात कधी ऐकल्या नव्हत्या. शिंपले गोळा केले. शहाळी प्यालो. मीठ लागलेले पाय घेऊन ओल्या वाळूवर बसलो.

बसल्या बसल्या एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. आलो तेव्हा पाणी जिथं होतं तिथून ते मागे सरकत होतं. आधी एका खडकाचं फक्त टोक दिसत होतं. दिवस कलला तेव्हा तो खडक अख्खा उघडा पडला, त्याच्या पलीकडचेही पडले. समोरचा किल्ला पाण्यात होता, त्याच्याकडे जाणारी वाळू दिसायला लागली.

"आटून राह्यला," वडनेरवाली म्हणाली.

"होळी आली की," बीबीवाली म्हणाली. "लोणारकडं तळी-विहिरी सगळ्या आता आटायला लागत्यात. हा कामून ऱ्हाईल?"

आणि मला ते पटलं. हे मी लपवत नाही. शिमगा तोंडावर आला की आमच्या विहिरी हात-हात खाली जातात, नाला वाळूचा पट्टा होतो. ज्याला बांध नाही, झाकण नाही, असं एवढं मोठं पाणी उन्हानं मागे सरणारच, हे मला अगदी उघड वाटलं. सकाळी उठून पुन्हा किनाऱ्यावर गेलो तर किल्ल्यापर्यंत जायला सरळ ओली वाट. मधे एखाद्या खळगीत पोटरीभर पाणी, बाकी वाळू आणि खडक. रात्री आम्ही झोपलो असताना पाणी वर येऊन पुन्हा खाली गेलं होतं, हे आम्हाला कोण सांगणार? आम्ही दोनदा पाहिला आणि दोनदा आटलेलाच पाहिला. खात्री झाली.

बेत असा होता: सकाळी किल्ला, बाजार, बाराची एसटी, दुपारची लाँच, रात्रीची गाडी, सोमवारी सकाळी जलंब, संध्याकाळी अमडापूर. आठ वाजता आम्ही वाळू तुडवत किल्ल्यात पोचलो.

किल्ला मला आवडला. बिनचुन्याचे मोठाले दगड एकावर एक बसवलेले, आणि समुद्र शतकं त्यांना धडका देतोय. आमच्याकडचे गवंडी चुना कमी पडला की रडतात. त्यांना आणून दाखवायला हवा होता. तटावर तोफा होत्या. एकीनं तोफेच्या तोंडात हात घालून पाहिला आणि आत पाखराचं घरटं सापडलं. गणपतीचं देऊळ आणि समोर पायऱ्यांचं तळं. आणि तळ्यापलीकडे ती विहीर.

"गोडं हाय!" वडनेरवाली ओरडली. "माय वं, गोडं हाय!"

आम्ही सगळ्या प्यालो. चारी बाजूंनी खारट पाणी आणि मधोमध ही विहीर, चवीला आमच्या मळ्यातल्या विहिरीपेक्षाही बरी. वडनेरवालीला तर ते सोसेना. "आमच्याकडं चारी बाजूंनी गोडं रान, अन् विहीर खारी. इथं सारं उलटं. माह्या बाबाले दाखवतो," म्हणून ती फिरकीचा तांब्या घासायला बसली. वाळूनं घासला, विसळला, पुन्हा घासला, भरला, फिरकी गच्च बसेना म्हणून पुन्हा उघडला. तोवर बाकीच्यांनी शिदोऱ्या सोडल्या. भाकरी, ठेचा, तिळाची चटणी. तटाच्या सावलीत, वाऱ्यात, सासू नाही, चूल नाही, वाढायला कोणी बसलेलं नाही. घाई करा म्हणायला माझीच जीभ वळली नाही.

तेवढ्यात खडकांवरची कालवं फोडून एक कोळीण टोपली घेऊन आमच्यापुढून दरवाज्याकडे चालली होती. आम्हाला पाहून थांबली.

"बाय, निघा आता. पानी भरतंय."

मी उठून आभाळ पाहिलं. कोरं. एक ढग नाही. वारा कालच्याइतकाच. मी तिला म्हटलं, "पाऊस तर कुठंच नाही. पाणी येईल कुठून?"

तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं. वेड्या माणसाशी वाद घालत नाहीत, तसं. "तुमची मर्जी. मी चालले," म्हणाली आणि झपझप गेली.

आमच्याकडे पाणी चढतं ते वर कुठंतरी पाऊस पडला तरच. नाल्याला पूर येणार असेल तर आधी वास येतो, पाणी गढूळ होतं, काटक्या वाहत येतात. माणूस आभाळ पाहून ठरवतो. मी तेच केलं. शिदोरी संपवली, हात धुतले, तोफेतल्या घरट्याचा पुन्हा एकदा निरोप घेतला आणि आम्ही निवांत दरवाज्यात आलो.

वाट नव्हती.

जिथून चालत आलो तिथं पाणी हलत होतं. गढूळ नाही, काटक्या नाहीत, आवाजही फारसा नाही. कोळीण लांब किनाऱ्याजवळ पोचलेली दिसली; ती मांडीभर पाण्यातून जात होती. आमच्या पुढ्यात तर कंबरभर दिसत होतं, आणि आम्ही पाहत असतानाच दरवाज्याजवळचा एक दगड बुडाला.

दोघी रडायला लागल्या. बीबीवाली म्हणाली, "रडू नका गं, आधीच पाणी कमी नाही."

किल्ल्यात देवळाजवळ एक म्हातारे पुजारी होते. मी धावत जाऊन विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "आता संध्याकाळी सहाच्या सुमारास उतरेल. रोज दोन वेळा येतं, दोन वेळा जातं." मी विचारलं, होडी मिळेल का. ते म्हणाले, होड्या सगळ्या मासेमारीला गेल्या, आणि गेल्या नसत्या तरी इथून हाक पोचत नाही.

रोज दोन वेळा. हे ऐकून मी पायरीवर बसले. बारा वाजता एसटी होती. ती गेली, तर लाँच गेली, गाडी गेली, सोमवार गेला.

उठून दरवाज्यात आले तो वडनेरवालीनं लुगडं खोचलेलं. तांब्या डोक्यावर, शिदोरीच्या फडक्यानं बांधलेला. ती खालच्या पायरीवर, गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी.

"काऊन वं, कुठं चालली?"

"मी निघतो. आमचा नाला मी पुरात पार केला हाय, छातीभर पाण्यातून. त्या बाईनं नाही केलं काय?"

"ती बाई केव्हाच निघाली होती. अन् हा नाला नाही."

"काकी, तुमाले काय?" तिचा आवाज चढला. "तुमचे सासरे तुमाले दोन बोल बोलतीन अन् गप बसतीन. माही सासू मले जिंदगीभर कुठं जाऊ देणार नाही. मामाजी म्हणले नं, सोमवार? मी सोमवारी पोचतो. मी एकली पोचली तरी तुमचा शब्द राहीन."

तिचं चुकत नव्हतं. शब्द मी दिला होता. अटीचे दोन भाग होते, अकरा जणी आणि सोमवार, आणि इतका वेळ मला ते एकच वाटत होते. पायरीवर उभी राहून मला दिसलं की आता दोन्ही मिळणार नाहीत. मला यात फार विचार करावा लागला नाही. दिवस चुकला तर बोलणी खाऊ. आकडा चुकला तर बोलायलाही काही उरणार नाही.

मी दोन पायऱ्या उतरले आणि तिची वेणी धरली. दंड धरला असता तर तिनं झटकला असता. वेणी झटकता येत नाही. ओढून वर आणली. तांब्या सुटला, फिरकी उडाली, गोडं पाणी पायरीवर सांडलं.

"एक जण पाण्यात उतरणार नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "अकरा आलो, अकरा जाऊ. उशिरा जाऊ."

दुपारभर ती माझ्याकडे पाठ करून बसली. मीही समजूत काढली नाही. सहा तास काढायचे होते, ते काढायचं पाहिलं. उरलेल्या भाकरीचे अकरा वाटे केले. तटावर बसून पाणी चढताना पाहिलं. आता मला ते नीट पाहायचं होतं, काय प्रकार आहे तो. दुपारी दोनच्या सुमारास ते दरवाज्याच्या दगडांवर आपटून उडायला लागलं, आणि मग, कोणी सांगितल्यासारखं, थांबलं. काही वेळ तसंच राहिलं. मग तो बुडालेला दगड पुन्हा वर यायला लागला. तटावर सागरगोट्यांचा डाव मांडला गेला, शिंपले हेच गोटे. बीबीवालीनं तिच्या सासूची नक्कल केली, मग माझी केली. माझी जास्त जमली. लोक एवढे पैसे खर्चून किल्ला तासभर पाहतात, आम्ही दहा तास पाहिला. त्याचा दगडन् दगड मला आजही माहीत आहे.

दिवस मावळता मावळता उतरलेल्या पाण्यातून, एकमेकींचे हात धरून, किनाऱ्याला लागलो. मी आधी मोजल्या. अकरा.

तार करावी असं एकीनं सुचवलं. मी नको म्हटलं. आमच्याकडे तार आली की वाचण्याआधी रडतात. अकरा घरांत रडारड करून आपण सुखरूप आहोत हे कळवण्यात अर्थ नव्हता. सोमवारी सकाळी बाजारात गेलो, पांढरे कांदे पाहिले. वेण्या घातलेले, पातळ सालीचे, हातात घेतल्यावर कळतं की तिखट नाहीत. मी सालं सोलून, चावून, मगच घेतले. काय वाटेल ते होवो, कांदा चांगला होता. दुपारी निघालो.

परतीच्या गाडीत बैठक बसली. काय सांगायचं?

"एसटी बिघडली म्हणू," एक म्हणाली. "रस्त्यात. रानात. कोणाले खोटं वाटणार नाही."

खरंच, कोणाला वाटलं नसतं. अमडापूरची एसटी आठवड्यातून दोनदा बिघडायची.

"नाही," मी म्हटलं. "आपण अकरा तोंडं. घरी अकरा सासवा, नाहीतं जावा, नाहीतं नणंदा. एक म्हणन चाक निघालं, दुसरी म्हणन इंजिन. दोन दिवसांत उघडं पडन. जे झालं ते सांगायचं. मी सांगन. तुम्ही गप राहा."

वडनेरवाली खिडकीबाहेर पाहत होती. ती म्हणाली, "खरं सांगा नाहीतं खोटं सांगा. माह्यावाल्या घरी एकच."

मंगळवारी संध्याकाळी एसटी थांबली तेव्हा स्टँडवर निम्मं गाव होतं. कालपासून लोक दोनदा येऊन गेले होते. मामाजी लिंबाखाली बाकावर बसलेले. आम्ही उतरलो. मी वळून मोजलं, तेही मोजत होते.

"अकरा," ते म्हणाले. "अन् वार मंगळवार."

मी सगळं सांगितलं. पाणी मागे सरलं, आम्ही आटलं समजलो, चालत गेलो, पाणी चढलं, अडकलो. कोळणीनं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, हेही सांगितलं. एवढं खरं बोलल्यावर माणसाला ऐकणाऱ्याकडून काही अपेक्षा असते. मागून एक जण म्हणाला, "पाऊस होता का?"

"नव्हता."

"वारं? वादळ?"

"नाही."

"मंग पाणी चढलं कुठून? समुद्राले कोणी नळ बसवला का बे?"

हशा पिकला. एक म्हणाला, "मुंबईत सिनेमा पाह्यला असन, अन् गाडी चुकली असन." दुसरा म्हणाला, "आटलेला समुद्र! आणखी काय काय आटलं वो काकी?"

शाळेचे मास्तर गर्दीत होते. ते चांगल्या मनानं पुढे आले. "बाई खरं सांगतात. भूगोलात आहे. चंद्र समुद्राचं पाणी ओढतो, त्यानं भरती येते."

झालं. इतका वेळ निम्मे तरी माझ्या बाजूनं असतील, तेही गेले. "दिवसाढवळ्या? चंद्र?" "आमच्या विहिरीचं नाही ओढत वो मास्तर! ओढा म्हणा त्याले, मोट हाकून हाकून बैल मेले!" मास्तर हात वर करून मागे सरले. मला तेव्हा कळलं की एसटी बिघडली म्हटलं असतं तर एव्हाना सगळे घरी जाऊन जेवले असते.

मामाजी उठले. त्यांनी मला विचारलं, "चंद्राचं तुले माहीत होतं?"

"नाही. आत्ता आयकलं."

"पाणी चढलं ते डोळ्यानं पाह्यलं?"

"सहा घंटे."

ते गर्दीकडे वळले. "माही सून खोटं बोलाची असती तं एसटी बिघडली म्हटली असती. एवढं न पटनारं बोलाले तिले कोणता शहाणपणा आला?" मागं बीबीवाली फस्सकन हसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला. "मले काही समजलं नाही, पण हे खरं हाय. अकरा गेल्या, अकरा आल्या. पुढल्या साली जा. जाच्या आधी चार माणसाले विचारत जा."

पुरुष कुरकुरत पांगले. त्यांच्या दृष्टीनं विषय मिटला होता.

वडनेरवालीच्या सासूच्या दृष्टीनं नव्हता. ती लांब उभी होती. तिनं काही विचारलं नाही, चंद्राचं नाही, पाण्याचं नाही. पुढे येऊन सुनेच्या हातातली पिशवी घेतली आणि चालायला लागली. माझ्या शेजारून जाताना म्हणाली, "आज पहाटेपासून एकलीनं पाणी दिलं. सोमवार म्हणली होती तू."

पुढच्या वर्षी सहल निघाली. त्या घरी मी तीनदा गेले. पहिल्यांदा तिनं मला बसा म्हटलं नाही. दुसऱ्यांदा बसवलं आणि नाही म्हटलं. तिसऱ्यांदा सून समोर असताना म्हणाली, "तुह्या शब्दावर एकदा धाडली. आता शब्दावर नाही धाडत." वडनेरवाली खाली मान घालून मिरच्या निवडत राहिली. तिनं वर्षभरापूर्वी पायरीवर उभं राहून जे सांगितलं होतं, ते तंतोतंत तसंच झालं होतं, आणि त्यात पुजाऱ्याचा, चंद्राचा, कोणाचा दोष नव्हता. आभाळ मी पाहिलं होतं.

शब्द चालत नसेल तर दुसरं काय चालेल, याचा मी दोन दिवस विचार केला. चौथ्यांदा गेले आणि म्हटलं, "मावशी, तिच्या जागी मी राहतो. चार दिवस तुमच्या मळ्यात. पाणी देतो, तोडतो, बाजाराचा माल बांधतो. सहल बीबीवाली नेईन. ती आधी विचारते, मग पाय टाकते."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बैल घेताना पाहतात तसं. मग सुनेला म्हणाली, "लुगडी धुऊन ठेव तुही."

त्या वर्षी अकरा जणी गेल्या, त्यात मी नव्हते. मामाजींनी विचारलं, मंडळाची मुख्य गावातच कशी? मी म्हटलं, काम आहे. चारही दिवस पहाटे मी त्या मळ्यात जात होते. पाणी बरोबर दिलं, त्यात म्हातारीला खोड काढता आली नाही. तिसऱ्या दिवशी बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधल्या, पन्नासेक. तिनं एक उचलली, देठ दाबून पाहिले, सुतळी ओढून पाहिली आणि म्हणाली, "ढिल्या हाय. आमची सून अशा नाही बांधत." आणि साऱ्या सोडायला लावल्या.

मी सोडल्या आणि पुन्हा बांधल्या.